गळाचे आमिष आणि पाण्यातील चारा : तापी खोऱ्यातील कार्प माशांच्या संदर्भात

सुरत शहराजवळ रांदेर व सिंगणपूर यांना जोडणारा जो बंधारा १९९५ मध्ये तापीवर उभारण्यात आला, त्याने नदीचे दोन वेगळे भाग केले आहेत. बंधाऱ्याच्या खाली भरती-ओहोटीचे खारट पाणी, तर वर गोडे पाणी. कार्प जातीच्या माशांचा विचार करावयाचा तो या वरच्या भागापासून. तेथून काकरापारचा बंधारा, त्याच्याही वर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा विस्तीर्ण जलाशय, आणि या जलाशयाच्या फुगवट्याच्या मार्गाने महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्हा, असा हा एकच जलप्रदेश आहे. मध्ये राज्याची सीमा असली तरी मासे तेच आहेत, आणि काठावर गळ टाकून बसणाऱ्यांचे प्रश्नही तेच आहेत. या मंडळींत नवापूर व सोनगड भागांतील आदिवासी गावकरी असतात, तसेच खानदेशातून येऊन सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत स्थायिक झालेले मराठी कामगारही असतात.

गळकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न दोन. गळाला काय लावावे, हा पहिला. मासे जमावेत म्हणून पाण्यात काय व किती टाकावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ बोलले जाते. प्रत्येक घाटावर एखादा जाणकार असतो आणि त्याच्यापाशी एखादा गुप्त मसालाही असतो. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक मासा मिळणे न मिळणे हे पुष्कळदा दुसऱ्यावरच अवलंबून असते, आणि लहान गावतळ्यात तर तळ्यातील सर्व माशांचे जीवित त्यावर अवलंबून राहू शकते. म्हणून या लेखात दोन्ही प्रश्नांचा विचार केला असला तरी भर दुसऱ्यावर दिला आहे.

आमिष आणि चारा

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करून घेणे बरे. गळाच्या टोकाला जे लावले जाते ते आमिष. गळाच्या आसपास मासे यावेत आणि काही काळ तेथे रेंगाळावेत म्हणून जे पाण्यात सोडले जाते तो चारा. आमिषाचे काम माशाने ते तोंडात घ्यावे एवढेच असते. चाऱ्याचे काम माशाला जागा दाखविणे हे असते. त्याचे पोट भरणे हे नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ पीठ आणि पुष्कळ वेळ वाया जातो. पाच किलो पीठ टाकून दिवसभर बसलेल्या माणसाच्या बाजूलाच मूठभर कोंडा टाकणारा मुलगा दोन रोहू घेऊन घरी जातो, यात नशिबाचा भाग फारसा नसतो.

माशाचे तोंड पाहून आमिष

कार्प कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात. त्यांचे दात घशात असतात व अन्न तेथे चिरडले जाते. म्हणून हा मासा आमिषाचा लचका तोडत नाही; तो पाण्यासह ते तोंडात ओढून घेतो, चाचपून पाहतो आणि पसंत न पडल्यास तत्काळ थुंकून टाकतो. बूच किंचित हलते आणि स्थिर होते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. अशा माशासाठी आमिष मऊ, तोंडात मावणारे आणि ओठांना खटकणार नाही असे असावे, हा पहिला नियम या शरीररचनेतूनच निघतो. दुसरा नियम तोंडाच्या ठेवणीतून निघतो.

कटला माशाचे डोके मोठे व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि मुख्यतः प्राणी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव, गाळून खातो. तळाशी पडलेल्या कणकेच्या गोळीकडे त्याने लक्ष द्यावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याच्यासाठी चारा हलका हवा, पाण्यात पडताच विरघळत धुरासारखा पसरणारा. भाताचा बारीक कोंडा, फुटाण्याचे पीठ, चाळलेली भुईमुगाची पेंड यांचा भुसभुशीत गोळा बुचाच्या आधाराने वरच्या किंवा मधल्या थरात टांगावा आणि त्याच्या लगत लहान गळ ठेवावेत. गोळा विरघळताना जे ढगासारखे वलय तयार होते, ते गाळून खात असताना कटला गळ ओढून घेतो. येथे मासा आमिष ‘धरत’ नाही हे लक्षात ठेवावे; तो चाऱ्याचा ढग खातो आणि गळ त्या ढगात असतो.

रोहू मधल्या थरातील मासा. त्याचे ओठ जाड व कडेला झालरीसारखे असतात आणि तोंड किंचित खाली वळलेले असते. पाण्यातील शेवाळ, दगडांवर व बुडालेल्या खोडांवर वाढलेला हिरवा थर, कुजू लागलेली पाने हे त्याचे खाद्य. रोहूसाठी कणीक, उकडलेला बटाटा, शिजवलेला भात आणि पेंड यांची मळलेली लहान गोळी चांगली चालते. गोळी बोराएवढी पुरे. लिंबाएवढी गोळी लावण्याची प्रथा आहे. परंतु ती झालरीने कुरतडून संपविली जाते आणि गळ मोकळा राहतो.

मृगळ तळाचा मासा आहे. चिखलातील कुजलेले वनस्पतिजन्य पदार्थ व गाळ हे त्याचे अन्न. त्याच्यासाठी शिशाचे वजन लावून आमिष तळाला टेकविणे आवश्यक असते. चिकट कणकेची गोळी अथवा गांडूळ उपयोगी पडते. नदीतील काळसर कालबासू हाही तळाशीच चरतो व गांडुळाला सहसा नाकारीत नाही.

सायप्रिनस म्हणून आपल्याकडे ओळखला जाणारा मासा परदेशी आहे. याची एक जात १९३९ मध्ये निलगिरीच्या थंड पाण्यात आणली गेली आणि १९५७ मध्ये बँकॉकहून आणलेली दुसरी जात मैदानी प्रदेशात पसरली. याच्या तोंडाला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि तोंड नळीसारखे पुढे येते. तो चिखल उकरून किडे, अळ्या, गोगलगायी, दाणे असे जवळजवळ सर्व काही खातो. भिजवून उकडलेला मका किंवा हरभरा हे त्याचे उत्तम आमिष. दाणे निदान बारा तास भिजवून, नखाने दबतील इतके उकडावेत. कोरडे दाणे पाण्यात टाकू नयेत. ते माशाच्या आतड्यात फुगून त्याला अपाय करतात.

युरोपात गळाने मासेमारी करणाऱ्यांनी या एका माशावर फार परिश्रम घेतले आहेत. मासा आमिष तोंडात घेऊन चाचपतो व थुंकतो ही अडचण त्यांनाही होती. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील लेन मिडल्टन व केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळात न खोवता गळाला बांधलेल्या बारीक धाग्यावर लोंबत ठेवण्याची पद्धत रूढ केली. मासा आमिष ओढून घेतो तेव्हा मोकळा गळ त्यामागोमाग तोंडात जातो. ही युक्ती उकडलेल्या हरभऱ्याला सहज लागू करता येते; त्यासाठी कोणतीही विकत घेतलेली सामग्री लागत नाही, सुईने दाण्यातून ओवलेला धागा पुरतो.

राहिले गवत्या आणि चंदेरा. गवत्या नावाप्रमाणे गवत व पाणवनस्पती खातो. लसूणघासाची कोवळी जुडी त्याला पुरते. चंदेरा अतिसूक्ष्म वनस्पती प्लवंग गाळून खातो आणि गळाला क्वचितच लागतो. त्याच्यामागे आमिष खर्च करू नये.

वरील विवेचन नवीन आहे असे समजण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून माणसाळवावे आणि मग गळ कसा टाकावा, याची व्यवस्थित माहिती दिलेली आहे. हा ग्रंथ गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केला व त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास प्रकाशित केला. आठशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला माशाच्या जातीप्रमाणे खाद्य बदलावे लागते हे ठाऊक होते, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

मसाल्यांविषयी

ओवा, मेथी, हिंग, बडीशेप, वेखंड, जटामांसी असे नाना पदार्थ आमिषात मिसळले जातात. बाजारात तयार पुड्याही मिळतात व त्या स्वस्त नसतात. कार्प माशांना वास व चव यांचे ज्ञान चांगले असते, ओठांवर व मिशांवरही रुची ओळखणाऱ्या पेशी असतात, ही गोष्ट खरी. परंतु वास पाण्यात विरघळून माशापर्यंत पोचला तरच उपयोग. स्थिर पाण्यात तो फार दूर जात नाही आणि वाहत्या पाण्यात केवळ प्रवाहाच्या दिशेने जातो. आमच्या मते पेंड जरा भाजून घेतली म्हणजे जो खमंग वास सुटतो तो पुरेसा आहे. किंचित आंबवलेली कणीकही उपयुक्त ठरते. मात्र बुरशी आलेले पीठ अथवा पेंड कदापि वापरू नये. भुईमुगाच्या बुरसलेल्या पेंडीत विषारी द्रव्य तयार होते, आणि जे जनावराला घालू नये ते माशालाही घालू नये. गुप्त मसाल्याने मासे मिळाल्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांत त्या दिवशी जागा कोणती होती, वेळ कोणती होती आणि आदल्या दोन दिवसांत तेथे चारा कोणी टाकला होता, हे सहसा सांगितलेले नसते.

जठर नसलेला मासा

आता चारा टाकण्याच्या रीतीकडे वळू. कार्प कुळातील माशांना जठर नसते. आपण जेवतो तेव्हा अन्न काही काळ जठरात साठते. या माशांत ते घशातून सरळ लांबलचक आतड्यात जाते. साठवणीची पिशवीच नसल्याने हा मासा एकदम भरपूर खाऊन दिवसभर स्वस्थ राहत नाही, थोडे थोडे खात दिवसभर चरत राहतो. त्यामुळे चाराही थोडा थोडा, वारंवार आणि एकाच जागी मिळाला तर तो त्या जागेवर टिकून राहतो. एकदम मोठा ढीग टाकल्यास आतडे भरल्याबरोबर तो निघून जातो आणि उरलेला ढीग तळाशी कुजत पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची श्रवणशक्ती. कार्प माशांच्या वाताशयापासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते, तिला वेबरची अस्थिमालिका म्हणतात. हिच्यामुळे त्यांना पाण्यातील बारीक आवाज व काठावरील पावलांची कंपने उत्तम समजतात. म्हणून काठावर धावपळ करू नये. पण याच शक्तीचा लाभही घेता येतो. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी चारा पडण्याचा आवाज झाला की मासे काही दिवसांतच त्या आवाजाकडे येऊ लागतात.

याचे उत्कृष्ट उदाहरण रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंडीत पाहावयास मिळते. काळ नदीच्या या डोहातील महसीर मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. तेथे मासेमारी करीत नाहीत. भाविक काठावरून खाद्य टाकतात आणि मासे ठरलेल्या ठिकाणी गोळा होतात. महसीरही कार्प कुळातीलच आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे येथेही देवळाजवळच्या वैतरणेच्या डोहात मासे असेच राखले जातात. या डोहांत गळ टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; माशांना चाऱ्याची सवय कशी लागते, याचे निरीक्षण तेथे करावे.

साध्या गळकऱ्याने हीच रीत लहान प्रमाणात पाळावी. मासे धरावयाच्या अगोदर दोन-तीन दिवस, एकाच वेळी, एका बांबूची खूण करून, तेथे पाव ते अर्धा किलो चारा टाकावा. प्रत्यक्ष गळ टाकण्याच्या दिवशी चारा वाढवावयाचा नसून कमी करावयाचा असतो. प्रारंभी दोन मुठी आणि नंतर पाऊण तासाने एकेक मूठ पुरे होते. चारा आणि आमिष एकाच द्रव्याचे असावे. आमिष मात्र थोडे अधिक घट्ट मळलेले हवे. पेंडीच्या चाऱ्यावर जमलेल्या माशाला बटाट्याची गोळी दाखविली तर तो साशंक होतो.

वाहत्या पाण्यात चारा गळाच्या वरच्या बाजूस टाकावा लागतो आणि तो वाहून जाऊ नये म्हणून त्यात नदीकाठची चिकणमाती मिसळावी लागते. मातीचा गोळा तळाला जातो आणि हळूहळू झिजून चारा सोडतो. स्थिर तळ्यात मातीची गरज नाही. आंध्र प्रदेशातील मत्स्यसंवर्धक एक पद्धत वापरतात, तीही अनुकरणीय आहे. पोत्याच्या तळाशी लहान छिद्रे पाडून त्यात कोंडा व पेंड भरतात आणि पोते बांबूला बांधून पाण्यात टांगतात. मासे छिद्रांशी येऊन थोडे थोडे ओढून खातात, पीठ तळाला सांडत नाही, आणि किती खाल्ले हे पोते वर काढून लगेच समजते. गळकऱ्याने दोन किलोची लहान पिशवी घेऊन हेच करावे.

किती चारा म्हणजे जास्त?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच देणे योग्य होईल. दहा गुंठ्यांचे एक गावतळे घेऊ. पाण्याची सरासरी खोली एक मीटर धरली तर त्यात सुमारे एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी असते. चांगल्या स्थितीतील तळ्यात एका लिटर पाण्यात सुमारे पाच मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे संपूर्ण तळ्यात मिळून प्राणवायूचा साठा किती? केवळ पाच किलो.

आता पीठ कुजण्याचा हिशेब पाहू. एक किलो कोरड्या पिष्टाचे जंतूंकडून पूर्ण विघटन होण्यास सुमारे सव्वा किलो प्राणवायू लागतो. म्हणजे कोणी एका उत्साही गृहस्थाने पाच किलो पीठ तळ्यात लोटले आणि ते माशांनी खाल्ले नाही, तर ते कुजताना तळ्यातील सर्व विरघळलेल्या प्राणवायूएवढा प्राणवायू ओढून घेण्याचे सामर्थ्य त्या पिठात असते. कुजण्याची क्रिया काही दिवस चालते आणि दरम्यान वाऱ्याने व पाणवनस्पतींमुळे प्राणवायूची भर पडत राहते, म्हणून प्रत्येक वेळी अनर्थ होत नाही. परंतु रात्री वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पहाटे हा साठा सर्वांत कमी असतो. आभाळ भरलेले, वारा पडलेला आणि तळाशी पीठ कुजत असलेले, असा योग जुळला तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात व काही तासांत मरतात. सकाळी लोक विष घातल्याचा संशय घेतात, एकमेकांवर आरोप होतात. कारण मात्र पुष्कळदा तळाशी असते.

माशांच्या भुकेचाही हिशेब असाच आहे. मत्स्यसंवर्धनात कोंडा व पेंड समभाग मिसळून तळ्यातील माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज देतात. दहा गुंठ्यांच्या तळ्यात शंभर किलो मासे असतील, तर दिवसाला दोन किलो खाद्य त्या सर्वांना पुरते. पाच किलो टाकणारा गळकरी तळ्यातील सर्व माशांना अडीच दिवसांचे जेवण घालून मग त्यांनी आपल्या गोळीकडे यावे अशी वाट पाहत बसतो.

सुरत जिल्ह्यात ओलपाड, कामरेज, बारडोली, मांडवी या भागांतील गावतळी आणि नंदुरबारकडील पाझर तलाव यांत मत्स्यबीज विकत आणून सोडलेले असते. त्यामागे ठेका घेणाऱ्याचे, सहकारी संस्थेचे किंवा बचत गटाचे पैसे असतात. ग्रामसेवक व मत्स्यव्यवसाय खात्याचे कर्मचारी यांनी तळ्यात गळाची परवानगी देताना आमिषावर नव्हे, तर चाऱ्यावर मर्यादा घालावी असे सुचवावेसे वाटते. दहा गुंठ्यांस दिवसभरात सर्वांचा मिळून एक किलो, ही मर्यादा वरील हिशेबास धरून आहे. पहाटे मासे धापा टाकताना दिसले तर चारा व खत ताबडतोब बंद करून, शक्य असल्यास ताजे पाणी आत घ्यावे आणि बांबूने पाणी झोडपावे.

उकाईसारख्या जलाशयात असा धोका नसतो. तेथे टाकलेला चारा समुद्रात टाकलेल्या मिठाप्रमाणे नाहीसा होतो. तेथे प्रश्न वेगळा आहे.

जलाशयातील जागा आणि ऋतू

मोठ्या जलाशयात मासे चाऱ्याकडे येत नाहीत. चारा माशांच्या वाटेवर न्यावा लागतो. ही वाट पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते. पावसाळ्यात उकाईचे पाणी चढते तेव्हा उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेऱ्याच्या जमिनी पुन्हा बुडतात. त्यांतील धसकटे, गवत, किडे व गांडुळे यांवर चरण्यासाठी मासे काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात. पावसाळा संपून मासेमारी पुन्हा सुरू होते त्या दिवसांत काठावरचे गांडूळ हेच स्वाभाविक आमिष होय. इतर कशाची जरुरी नसते. हिवाळ्यात पाणी निवळते व थंड होते. मासे कमी खातात आणि दुपारी, ऊन तापल्यावर खातात. तेव्हा आमिष लहान करावे व चारा निम्म्यावर आणावा. उन्हाळ्यात पाणी ओसरत जाते आणि मासे जुन्या नदीपात्राकडे, खोल डोहांकडे सरकतात. पहाट व सायंकाळ या वेळा साधाव्यात. बुडालेल्या झाडांच्या खोडांवर हिरवा थर वाढलेला असतो. रोहूसाठी तीच जागा चांगली, पण तेथे दोरी अडकून गळ तुटतात हेही खरे.

तापीच्या सुरतजवळील संथ भागात जलपर्णी माजते. तिच्या कडेला, सावलीत, मासे थांबतात. मात्र दाट जलपर्णीखालील पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून आत न शिरता मोकळ्या पाण्याच्या कडेवर चारा टाकावा. सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधाऱ्यांच्या वरच्या पाण्यालाही हेच सूत्र लागू पडते.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे मासे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतरच मत्स्यबीज भरपूर मिळू लागले आणि देशभरच्या जलाशयांत बोटुकली सोडणे शक्य झाले. म्हणजे आपण गळाने जो मासा ओढतो तो बहुधा कोणीतरी पैसे व श्रम खर्चून सोडलेला असतो. बोटुकली किंवा अर्ध्या किलोच्या आतील मासा गळाला लागला तर हात ओले करून, गळ अलगद काढून तो परत सोडावा. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरील चिकट थर निघून जातो व मासा पुढे रोगाने मरतो. महसीर लागल्यास तो कितीही मोठा असला तरी सोडावा. नद्यांतील त्याची संख्या घटल्यामुळे लोणावळ्यास टाटा कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन करून बीज पुरविले आहे, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

विज्ञान शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. चार काचेचे पेले घ्यावेत. एकात केवळ कणकेची गोळी, दुसऱ्यात कणीक व पेंड, तिसऱ्यात भुसभुशीत कोंडा व फुटाण्याचे पीठ, चौथ्यात चिकणमाती मिसळलेला चारा टाकावा. गोळी बुडते की तरंगते, किती मिनिटांत फुटते, पाणी किती गढूळ होते, हे मुलांनी तक्त्यात लिहावे. कटल्यासाठी कोणती, मृगळासाठी कोणती, हे मग मुलेच सांगतात. गळाची गोळी निदान वीस मिनिटे टिकावी आणि चाऱ्याचा गोळा दहा-पंधरा मिनिटांत फुटावा, असा साधारण मेळ ठेवावा. पेले झाकून दोन दिवस तसेच ठेवावेत. तिसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर जो वास येईल, तो तळ्याच्या तळाशी काय घडते हे मुलांना चांगले समजावून देईल. मासळी बाजारातून कटला, रोहू व मृगळ यांची डोकी आणून तोंडांची ठेवण शेजारी शेजारी ठेवून दाखविली तर पाठ्यपुस्तकातील आकृतीची गरज उरणार नाही.

परवानगी व बंदी

जलाशयावर मासेमारीचे हक्क संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. गळ टाकण्यापूर्वी तेथे चौकशी करणे आवश्यक आहे. कार्प मासे नैर्ऋत्य मोसमी पावसात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, अंडी घालतात. या काळातील बंदीच्या तारखा मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयातून विचारून घ्याव्यात. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. काही ठिकाणी चाऱ्यात गुंगी आणणारी वनस्पती मिसळली जाते. तेही विषच होय, आणि ते पाणी गुरेही पितात.

दिवस संपल्यावर भांड्यात थोडे मळलेले पीठ उरतेच. ते तळ्यात रिकामे करण्याची सवय सर्वत्र दिसते. ते घरी न्यावे; बुरसलेले नसेल तर कोंबड्या खातात.